झडपेचं कार्ड

पार्क चौक मागं पडला तरी रत्नम्माच्या हातातली निम्मी कार्डं उरलीच होती. दर सोमवारी ती सिद्धेश्वराला पायी जायची, आणि शेजारची आफरीन पाठांतरासाठी संगं यायची. आफरीन डॉक्टर. हृदयशस्त्रक्रियेची शेवटची परीक्षा द्यायची होती. मागच्या खेपेला तोंडीत अडखळली आणि नापास झाली. रत्नम्मा सातवी शिकलेली, तीही मराठी शाळेत. म्हणून आफरीननं चादरींच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून एका अंगाला प्रश्न, दुसऱ्या अंगाला उत्तर, सगळं मराठीत लिहिलं होतं.

"काकू, हळू चाला की! देव कुठं पळून जातोय?"

"देव न्हाय, फुलवाली जाते. बरं, हे सांग. महाधमनीची झडप लई आकसली, आता दमही लागाय लागला. ऑपरेशन केलं नाही तर माणूस किती काढतो?"

आफरीन जागीच थांबली. रत्नम्मानं कार्ड उलटलं. 'बहुतेक दोन वर्षं.' आफरीनचे अब्बा, रफीकभाई, टेंपोत गठ्ठे चढवताना हल्ली मध्येच फाळक्याला टेकून उभे राहायचे.

"अब्बांची हीच ना गं झडप?"

"हो."

"मग सांग की त्यांना!"

"ऑपरेशन करा म्हणून रोज सांगते. ही वर्षं नाही सांगवत. ते म्हणतात, तू पास हो, मग तुझ्याच हातनं करून घेतो. मी नापास झाले, तर म्हणाले, चला, तेवढे दिवस सुटलो! माझ्या सरांनाही घरी आणलं. अब्बांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं."

एरवी कुणाचं दुखणं ऐकलं की रत्नम्मा 'देव बघून घेईल' म्हणायची. आज तिनं ते कार्ड गठ्ठ्याच्या तळाशी सारलं.

आफरीननं ते ओढून परत वर ठेवलं. समोर देवळाचं तळं दिसत होतं.

"काकू, संध्याकाळी घरी येता? तुम्ही कार्डं घेऊन बसलात की अब्बा टीव्ही बंद करतात. पोरगी फडाफड उत्तरं देते, ते ऐकायला. तेव्हा मधेच हे विचारा. लेक म्हणून माझ्या तोंडातून निघत नाही, परीक्षा म्हणून निघेल. आणि मी अडखळले ना, तर पुढचं कार्ड काढू नका. थांबा."