थांबवलेला हप्ता

सदूभाऊ गेल्याचं मला पोस्टकार्डानं कळलं, तेही आठ दिवसांनी. खालापूरच्या कचेरीसमोरच्या चहावाल्यानं लिहिलं होतं, 'म्हातारबाबा रविवारी गेले. वहीत तुमचा पत्ता सापडला म्हणून कळवतो.' बस्स, एवढंच. कार्ड वाचून दाखवावं म्हणून मी बायकोला हाक मारायला तोंड उघडलं, आणि मग आठवलं, तिला जाऊन दोन वर्षं झाली... सदूभाऊंना ओळखणारं पुण्यातल्या या घरात आता दुसरं कोणी नाही. दुःख झालंच, पण खरं सांगतो, त्याहून जास्त भीती वाटली. एक गोष्ट आम्हा दोघांनाच ठाऊक आहे असं मी तीस वर्षं समजत होतो. आता ती मला एकट्याला सांभाळायची होती.

विमा सरकारी व्हायच्या आधीचा तो काळ. कंपन्या पैशाला पासरी, आणि जो तो एजंट दुसऱ्याच्या गिऱ्हाइकावर डोळा ठेवून. सदूभाऊ कर्जतला स्टेशनजवळ एका खोलीत राहायचे. लग्न केलं नव्हतं. मी चोविशीचा, नुकतं लग्न झालेला, त्यांच्या हाताखाली लागलो. दुसऱ्या कंपनीचं गिऱ्हाईक आपल्याकडे वळवावं तर सदूभाऊंनीच, असं सगळे म्हणत. त्यांची तऱ्हाच न्यारी. पहिल्या भेटीत विम्याचं नाव काढायचं नाही. भात कसा आलाय, म्हैस कधी विणार, असल्या गप्पा. दुसऱ्या खेपेला म्हणायचे, "तुमची पॉलिसी आहे ना घरात? आणा बघू, वाचून दाखवतो." कागद इंग्रजीत, वर्षानुवर्षं ट्रंकेच्या तळाशी; घेतल्यापासून कोणी वाचलेला नसायचा. सदूभाऊ आधी चुलीपाशी बसलेल्या बाईला बोलवायचे. "वहिनी, तुम्हीपण या. पैसे तुमच्या हातात यायचे, तुम्हाला नको कळायला?" मग पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मराठीत अर्थ सांगत वाचायचे. मी एकदा मध्येच त्या कंपनीला भिकार म्हणालो, तर बाहेर आल्यावर माझी अशी काही हजामत केली! "गाढवा, त्यानं निवडलेल्या वस्तूला तू नावं ठेवलीस की तो तुला नावं ठेवणार. नुसतं वाच. भोक कुठे आहे ते त्याचं त्याला दिसतं." आणि एक नियम त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. नवी मंजुरी गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत जुना हप्ता थांबवायला सांगायचं नाही.

हा नियम मी मोडला. ठाकुरवाडीला घाटातल्या रुळांवर शिवराम नावाचा गँगमन होता. त्याच्या जुन्या कंपनीचा एजंट वर्षभर फिरकला नव्हता. सदूभाऊंनी दोन खेपा घालून, कागद वाचून, त्याचं आणि त्याच्या बायकोचं, शेवंताबाईचं, मन वळवत आणलं होतं. तिसऱ्या खेपेला ते तापानं पडले आणि मी एकटा गेलो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! घरापर्यंत जायचाही मला धीर नव्हता. शिवराम रुळाकडेलाच भेटला. अर्जावर त्याचा अंगठा घेतला. त्यानं विचारलं, "सायेब, जुना हप्ता भरायचा हाय आता. भरू का नको?" दोन्हीकडे भरायचं म्हटलं तर गडी मागे फिरेल, अशी मला धास्ती. मी म्हणालो, "कशाला? थांबवा तो."

आमच्या कंपनीच्या डॉक्टरनं तपासणी दोनदा पुढे ढकलली. तेवढ्यात जुन्या हप्त्याची सवलतीची मुदत टळून गेली. आणि श्रावणात एके दिवशी रुळावर काम करताना शिवरामला पान लागलं... साप चावला. कर्जतच्या दवाखान्यात आणेपर्यंत खेळ आटोपला होता. जुनी पॉलिसी बंद पडलेली, नवी झालेलीच नाही. पदरात दोन पोरं असलेल्या शेवंताबाईला कुठूनच काही मिळालं नाही. रेल्वेची खोली सोडून ती लोधिवलीला भावाकडे गेली.

मुंबईहून कंपनीचा साहेब चौकशीला आला. शेवंताबाईच्या भावाच्या अंगणात आम्ही सगळे बसलो होतो, ती दाराआड उभी होती. साहेबानं विचारलं, "हप्ता थांबवायला कोणी सांगितलं?" सदूभाऊ म्हणाले, "मी." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. परतीच्या वाटेवर एवढंच बोलले, "तुझं आत्ताच लग्न झालंय. माझ्यामागे कोण आहे रडायला?" त्यांची एजन्सी गेली. ज्या घरांनी पाटावर बसवून जेवू घातलं, तिथे पाणी विचारेनात. मग ते खालापूरला कचेरीसमोर लोकांचे अर्ज लिहीत बसू लागले. मी मात्र वर चढत गेलो. विमा सरकारी झाला, मी साहेब झालो, पुण्याला बदली घेतली. मला सगळे तोंडाळ म्हणतात, पण या एका बाबतीत तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच. दिवाळीला त्यांना कार्ड टाकायचो. उत्तर यायचं, 'ठीक आहे. लोधिवलीस जाऊन आलो.' दर वर्षी हेच. मी पुढे कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी ये म्हटलं नाही.

कार्ड आल्यानंतरच्या आठवड्यात मी लोधिवलीला गेलो. आता तरी सांगून टाकावं, नाहीतर हे माझ्याबरोबरच जळायचं. शेवंताबाईचा थोरला रसायनीला कारखान्यात आहे, घर पक्कं झालंय, भिंतीवर बुद्धाची तसबीर. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी नाव सांगितलं. उभ्याउभ्याच म्हणालो, "बाई, तो हप्ता थांबवायला सदूभाऊंनी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं."

तिनं सुपातून नजर काढली नाही. "म्हाईत हाय. मालकांनी त्याच दिशी घरी येऊन सांगितलं व्हतं, धाकला सायेब थांबवा म्हनला म्हनून."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"सदूभाऊ सगळ्यांम्होरं मी म्हनले. त्यांना खोटं पाडू? मागनं ते आले तवा इचारलं. म्हनले, पोर भ्यालंय, येईल एक दिस, त्याच्या तोंडानं सांगंल. मंग दर खेपेला इचारायची मी, आला नाय का वो तुमचा? म्हनायचे, येईल गं." तिनं सूप बाजूला ठेवलं. "पोरांना लिवायला शिकवलं त्यांनी हितं बसून. माजा भाऊ गेला तवा चार दिस ऱ्हायले. शेवटाला आले तवा डोल्यांना दिसत नव्हतं, तरी इचारलं त्यांनीच मला... आला व्हता का गं?"

मला रडू आलं. पन्नाशी उलटलेला माणूस मी, परक्या दारात हुंदके देत उभा. तीस वर्षं वाटत होतं, माझ्यापायी त्या माणसाची सगळी दारं बंद झाली. आणि त्याला तर एक घर होतं. मलाच नव्हतं.

"आत या, च्या घ्या," ती म्हणाली. आत भिंतीला एक पाट टेकवून ठेवला होता, बसून बसून मधोमध गुळगुळीत झालेला. बसावं म्हणून मी तो ओढायला हात घातला.

"तो ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तो त्यांचा हाय."

आणि तिनं माझ्यासाठी जमिनीवर घोंगडी अंथरली.