पंगतीची अट

"बापालासुद्धा आत यायची लाज वाटली वाटतं!"

सर असं म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. जळगावातला वेब डिझाइनचा क्लास. भिंतीवरच्या पडद्यावर माझं आयुष्यातलं पहिलं पान. वर नाव, खाली मजकूर, आणि मधे जिथे माझ्या आबांचा फोटो असायला हवा, तिथे रिकामी चौकट. कोपऱ्यात फाटक्या कागदाचं चिन्ह.

सरांनी सांगितलं होतं, आपापल्या घरच्या धंद्याचं पान करा. क्लासमध्ये बहुतेक पोरं व्यापाऱ्यांची. कुणाचं कापडाचं दुकान, कुणाची सराफी पेढी, फैजपूरच्या एकाचा केळीचा व्यापार. आमचं दुकान नाही. माझे वडील, आबा, भडगावात ताशा वाजवतात. काका सनई. मी त्याचंच पान केलं. वाजंत्री म्हटलं की जात वेगळी विचारावी लागत नाही. सरांनीही विचारली नाही.

"वाजंत्र्याला वेबसाइट कशाला गं? हाक मारली की येतोच तो."

पुन्हा हशा. क्लासच्या कोपऱ्यातल्या ज्या मशीनवर मी पान केलं, तिथे तो फोटो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. ताशा गळ्यात, टोपी तिरकी. इथे कुठे गेला?

घरी आबांना सांगितलं. सांगायला नको होतं.

"बठ्ठा हासनात?" त्यांनी विचारलं.

हो, सगळेच हसले, अशी मी मान हलवली.

"मंग मना फोटो काढी टाक, बेटा. तुले शिकनं शे ना?"

हसणाऱ्यांचा राग मी गिळला असता. पण माझा बाप माझ्यासाठी स्वतःलाच पुसायला तयार झाला. एवढं शांतपणे, जणू सवयच. तिथे माझं डोकं फिरलं, ते अजून ताळ्यावर आलेलं नाही आणि यावं असं मला वाटतही नाही.

फोटो का गेला ते दुसऱ्या दिवशी एसटीत कळलं, मोबाइलवर एक व्हिडिओ बघताना. मी फोटोचा पत्ता कोपऱ्यातल्या मशीनच्या ड्राइव्हचा दिला होता. पान पेन ड्राइव्हमधून सरांच्या मशीनवर गेलं, फोटो मागेच राहिला. ही चूक शिकाऊ माणूस हमखास करतो. इतरांनीही केली असणार. पण ते स्वतःचे लॅपटॉप पडद्याला जोडत होते, त्यांची दुकानं झकास दिसली. माझ्याकडे लॅपटॉप नव्हता, म्हणून माझी चूक भिंतीवर गेली.

आणि सरांना हे माहीत होतं. शिकवणाऱ्याला माहीत नसेल तर कुणाला? एका वाक्यात सांगता आलं असतं. ते वाक्य त्यांनी माझ्या बापाच्या अब्रूवर खर्च केलं.

मी पत्ता दुरुस्त केला. फोटो आला. सरांनी पाहिला आणि म्हणाले, "हे ठीक आहे, पण प्रदर्शनाला पालक येणार. चांगली घरं आहेत. तू एखाद्या किराणा दुकानाचं कर."

"नाही सर. हेच राहील."

"मग प्रदर्शनात तू नाहीस."

"नसू दे."

पिशवी उचलली आणि जिना उतरले. पुढचं सगळं घरी शिकले, नंतर घेतलेल्या एका जुन्या लॅपटॉपवर, रडत, चिडत, त्या माणसाला शिव्या घालत. शिव्यांनी अभ्यास चांगला होतो.

मग आबांचं पान इंटरनेटवर खरंच सुरू केलं. त्यात बुकिंगचा फॉर्म टाकला, आणि फॉर्मवर एक चौकोन. आमच्याकडे वाजंत्री मांडवाबाहेर जेवतात. सगळ्या पंगती उठल्यावर, उरलंसुरलं, उकिडवं बसून. नवरदेव आमच्या तालावर पारापासून मांडवापर्यंत येतो आणि आम्ही मांडवाच्या दोरीपाशी थांबतो. त्या चौकोनासमोर मी लिहिलं: 'वाजंत्री पहिल्या पंगतीत, सर्वांसोबत जेवतील. मान्य.' तिथे खूण केल्याशिवाय फॉर्म पुढे सरकतच नाही. कोडची एक ओळ. पिढ्यान्‌पिढ्या तोंडाने मागून जे मिळालं नाही, ते एका ओळीवर अडवून धरलं.

आबा घाबरले. "कोन बलाई मंग आपले?" बोलावलं. सगळ्यांनी नाही, पण बोलावलं.

या लगनसराईत एक फोन आला. आवाज ओळखला. सरच. पुतण्याचं लग्न, दाट तिथी, जळगावात एक पथक मोकळं नाही.

"अगं, तूच का? छान शिकलीस हो! ती खूण तेवढी काढून टाक ना. घरात म्हातारी माणसं आहेत, समजून घे."

"नाही सर. खूण करा, फॉर्म पुढे जाईल."

"एवढा ताठा बरा नाही."

"हाक मारून बघा सर. येतो का कुणी."

फोन कापला गेला. खूण झाली नाही. मला बरं वाटलं का? वाटलं. फार बरं वाटलं. पण माझं एवढ्यावर भागणार नाही.

पहूरच्या पथकाचं पान तयार आहे. पारोळ्याचं चालू आहे. धुळ्याकडच्या वाजंत्र्यांना मी स्वतः जाऊन भेटतेय. खानदेशातल्या प्रत्येक ताशाचं, प्रत्येक सनईचं पान मी करणार आणि प्रत्येकावर हीच अट घालणार. मान्य नसेल त्यांनी लग्नं वाजंत्र्यांविना, मुकाट्यानं लावावीत.