हप्त्याच्या रांगेतला फोन

लॉकडाउन लागून काही दिवस झाले होते. शेतकऱ्यांच्या खात्यांत सरकारी मदतीचा हप्ता जमा झाला आणि उत्तरेतल्या चिनहट गावापुढच्या आमच्या बँकेसमोर सकाळपासून रांग लागू लागली. गमछ्यांनी तोंडं बांधलेली माणसं चुन्याच्या गोलांत निमूट उभी असायची. मी तिथे अधिकारी होते. माहेर सांगलीकडचं. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती, नवरा बदलीच्या गावी अडकला होता. घरी मी आणि मुलगी. मी मराठीत विचारायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची.

एके दिवशी एक वयस्क शेतकरी काउंटरवर आले. मंडीत गिऱ्हाईक नव्हतं, त्यांच्या काकड्या वेलीवरच पिवळ्या पडत होत्या. आलेला हप्ता त्यांना सगळाच्या सगळा मुलाच्या खात्यात टाकायचा होता. माझं हिंदी ऐकून ते थबकले.

"बिटिया, आप इधर की नहीं हैं?"

"महाराष्ट्र की हूँ, चाचा."

त्यांनी घाईघाईने खिशातून फोन काढला. मुलगा चाकणच्या कारखान्यात नवीनच लागला होता. आता कारखाना बंद. घरमालकीण रोज खालून ओरडते, खोली खाली कर म्हणते, म्हणून तो दार लावून आत बसून राहतो. "आप अपनी भाषा में समझा दीजिए उनको," ते म्हणाले.

नियमात बसत नव्हतं, तरी त्यांनी मुलाला लावून दिलेला फोन मी घेतला. मुलाने आपला फोन खाली नेऊन घरमालकीण बाईंच्या हातात दिला. मी जरा कडक आवाजातच सुरुवात केली. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"अगं, मी कशाला काढीन त्याला? रोज हाक मारते, खाली ये, भाकरी घेऊन जा. तर हा आतून कडी लावतोय. उपाशी मरंल पोरगं."

मला हसू आलं. चाचांना म्हटलं, "खाली मतलब नीचे. खाने को बुला रही हैं." त्यांनी पैसे भरायची चिठ्ठी परत ओढून घेतली. मग गमछ्याने डोळे टिपून म्हणाले, "तो आधे ही भेजिए. बाक़ी का बीज ले लेंगे."

फोन अजून माझ्या कानाशीच होता. "तू कुठली गं?" बाईंनी विचारलं. मी सांगितलं. "इतक्या लांब? आणि जेवलीस का?"

आई गेल्यापासून हे मला कुणी मराठीत विचारलं नव्हतं. बाहेर रांग ताटकळत होती. मी कसंबसं हो म्हटलं आणि फोन परत दिला.

त्याच उन्हाळ्यात चाचांचा मुलगा रेल्वेने घरी आला आणि पुढे चिनहटच्याच एका कारखान्यात लागला. बँकेत आला की काउंटरशी थांबायचा. "ताई, बरी आहे का तुम्ही?" चाकणात उचललेली तेवढीच चारदोन वाक्यं, चुकतमाकत. मी ती कधी सुधारली नाहीत. शनिवारी त्याची पाळी लवकर सुटायची, तेव्हा माझं लक्ष दाराकडे असायचं.

नंतर माझी भर शहरातल्या हजरतगंजच्या शाखेत बदली झाली, ऑर्डर अचानक आली. त्याला सांगायचं राहून गेलं. इथे दिवसभर माणसांचा राबता असतो, सगळे अदबीने बोलतात. शनिवारी दुपारी मात्र माझं कामात मन लागत नाही.