फिंजान हलवायचं असतं

चौथी शिकलेल्या बाईकडं सांगण्यासारखं काय असणार, असं लोकांना वाटतं. अहो, शिकलेल्यांच्या ऑफिसात आठ वर्षं ट्रे घेऊन फिरा, मग कळेल! ट्रेवाल्या बाईसमोर कुणी तोंड सांभाळत नाही. खुर्चीसमोर सांभाळतात का? तसंच. शुक्रवारी सुट्टीला इथल्या माहूज भागात आम्ही चार बायका जमलो, की पहिला प्रश्न ठरलेला, "शांताबाई, या आठवड्यात कोण रडलं?"

कारण मी कामाला होते ते वकिलांचं ऑफिस. बहरीनला, मनामात, काचेच्या उंच इमारतीत. मुख्य कचेरी लंडनला, इथले थोरले साहेब बहरीनी. लंडनचा सॉलिसिटर व्हायचं तर नुसत्या परीक्षेनं भागत नाही, दोन वर्षं कुठंतरी ट्रेनी म्हणून राबावं लागतं. आमच्याकडं जागा दोन, अर्ज ढीगभर. त्यातून निवडलेली पोरं इंटरव्ह्यूला यायची आणि मी त्यांना गहवा द्यायचे.

गहवा म्हणजे अरबी कॉफी. वेलदोड्याची, बिनदुधाची, कडू. ती प्यायची बिनकानाच्या इवल्याशा कपातून, त्याला फिंजान म्हणतात. पद्धत अशी, की पाहुण्यानं रिकामं फिंजान पुढं केलं की ओतायचं. पुरे झालं की त्यानं ते मनगटातून जरासं हलवायचं. नाही हलवलं तर ओतत राहायचं. ओतणाऱ्यानं आपल्या मनानं थांबायचं नसतं.

साहेबांची आणखी एक सवय होती. पोरगं पसंत पडलं, की बेल वाजवून दुसऱ्यांदा गहवा मागवायचे. बेल नाही, तर नोकरी नाही. हे फक्त मला आणि एचआरच्या शीबा मॅडमला ठाऊक. ती पोरं लिफ्टमध्ये शिरताना "चांगला झाला गं!" म्हणून फोनवर आईला सांगत असायची आणि मी त्यांचं फिंजान विसळत असायचे.

*

पुण्याचा एक पोरगा आला. विमानातून उतरून थेट. फिंजान हलवायचं त्याला कुणी सांगितलेलं नाही. रिकामं झालं की दोन्ही हातांनी पुढं धरायचा. मी ओततेय, तो पितोय. साहेब कंपनी कायदा विचारतायत, तो पितोय. नवव्या खेपेला त्याचे हात असे थरथरायला लागले, की फिंजान आपोआपच हललं! म्हटलं, सुटला बिचारा.

साहेब म्हणाले, "हा नाही म्हणत नाही. ट्रेनी म्हणून असाच पाहिजे."

आणि बेल वाजवून दुसऱ्यांदा गहवा मागवला. त्या पोराचा चेहरा बघवत नव्हता!

*

दुसरा एक इथलाच, रिफा भागातला. बाप बँकेत, व्हिला, दारात दोन गाड्या. ऑफर लेटरवर सही करायला पोरगा आला तो आईबापासकट. बापानं चष्मा बदलून पत्र तीनदा वाचलं. आईनं बेसनाचे लाडू आणले होते, ते साहेबांच्या फायलींवर मांडले. बाप विचारतो, "लीव्ह किती? मेडिकल कुणाचं? पुढं पर्मनंट करणार ना?" आई विचारते, "एसी फार नाही ना हो? त्याला लगेच सर्दी होते."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिघांपैकी जॉईन कोण होणार आहे?"

पोरगा पहिल्यांदाच बोलला, "पप्पा, मला वकील नाही व्हायचंय."

लाडू परत डब्यात भरायला त्या बाईला मीच मदत केली. एकही फुटू दिला नाही तिनं.

*

एक टायवाला होता. आत साहेबांना सांगत होता, मला गरिबांना न्याय मिळवून द्यायचाय. बाहेर आला आणि माझ्याकडं न बघता बोटं वाजवून म्हणाला, "ए, टिशू."

डबा त्याच्या कोपराशी होता. मी म्हटलं, "मफी." म्हणजे, नाही.

"अरे, ये क्या दिख रहा है सामने!"

"दिख रहा है तो ले ना!"

तर त्याचीही बेल वाजली. वाजणारच. असल्यांची वाजतेच.

*

ट्रेनी झालं म्हणजे काय होतं? माझ्यासारखंच असतं, फक्त इंग्रजीत. आण, ने, मोज, पुस, पुन्हा कर. तो नऊ फिंजानवाला सहा महिन्यांत काडी झाला. पॅन्ट्रीत उभ्यानं टोस्ट खायचा. एकदा म्हणाला, "आंटी, इथलं पत्र आलं त्याच दिवशी मी घाबरून सही केली. आणि दुसऱ्या दिवशी, जिथं खरंच जायचं होतं तिथलं आलं."

"मग जा की तिकडं."

"एकदा स्वीकारलं की स्वीकारलं. मागं फिरलं तर नाव खराब होतं. ही दुनिया छोटी आहे."

मी म्हटलं, "लेकरा, लग्नाचंही असंच असतं."

तो हसला नाही. मग मीही नाही हसले.

*

आता माझ्या लेकीचं. करुणा. जन्मली इथंच. तिचा बाप अस्करला ॲल्युमिनियमच्या कारखान्यात टेक्निशियन. घरात भिंतीवर एकच तसबीर, कोट घातलेल्या बॅरिस्टरची. बाप रोज पोरीला त्या तसबिरीसमोर उभं करून म्हणायचा, "असा कोट शिवायचा तुला." ती नागपूरला लॉ करत होती तेव्हा तो गेला. माती इथंच झाली. त्याच्या व्हिसावरून मी या ऑफिसच्या व्हिसावर आले, ते गहवा ओतायला. गावाकडं माझं आता कुणी नाही, घराला कडी लावायलासुद्धा.

पोरगी लंडनची परीक्षा पास झाली. ट्रेनीची जागा शोधायला व्हिजिट व्हिसावर माझ्याकडं आली आणि अर्ज करत सुटली. सगळीकडून एकच उत्तर, "वुई रिग्रेट."

मी विचारलं, "रिग्रेट म्हणजे काय गं?"

"त्यांना वाईट वाटतंय."

"एवढं वाईट वाटतंय तर घ्या म्हणावं!"

व्हिसाचे अठरा दिवस उरले तेव्हा तिनं आमच्या ऑफिसात अर्ज केला. तोवर मुद्दाम केला नव्हता. फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न होता, या ऑफिसात तुमचं कुणी नातेवाईक आहे का?

मी म्हटलं, "नाही लिही."

"मम्मी, आय कान्ट. मी सॉलिसिटर व्हायला चाललेय आणि पहिल्याच कागदावर खोटं?"

"आधी हो, मग आयुष्यभर खरं बोल! ट्रेवाल्या बाईची लेक म्हणून तुला दारातच अडवतील. नाही लिही. माझी शपथ!"

तिनं काय लिहिलं ते मी बघितलं नाही. इंग्रजीत होतं.

इंटरव्ह्यूला आली तेव्हा मी तिला ओळख दाखवली नाही, तिनं मला. तिनं एक फिंजान घेतलं आणि बापानं शिकवलं होतं तसं मनगटातून हलवून परत दिलं. मी पॅन्ट्रीत येऊन उभी राहिले. घड्याळाकडं पाठ करून.

बेल वाजली!

मी नळ सोडला आणि त्या आवाजात काय रडायचं ते रडून घेतलं.

*

पाच दिवसांनी तिला पत्र घ्यायला बोलावलं. ती यायच्या आधी शीबा मॅडम पॅन्ट्रीत आली आणि दार लावून घेतलं.

"आंटी, करुणा ने फॉर्म में लिखा है, 'येस. मदर.' आपका नाम भी लिखा है."

मी फडकं पिळत राहिले.

"लंडन का रूल है. एक फैमिली से एक ही. साहब ने बहुत बोला, वो लोग नहीं मानते. या वो, या आप."

"मेरा व्हिसा?"

"कॅन्सल. जाना पड़ेगा."

ट्रेनीच्या पगारावर आईचा व्हिसा निघत नाही, हे मला तिनं सांगायची गरज नव्हती.

मी म्हटलं, "कागद ला." तिनं आणलाच होता. माझ्या कॅन्सलेशनचा. मी मराठीत सही केली, पूर्ण नावाची, नवऱ्याच्या नावासकट. म्हटलं, "पहले उसका साइन होने दे. तब तक इसको छुपा के रख. खलास!"

पण शीबानं दोन्ही कागद एकाच फायलीत ठेवले. आणि पोरगी वकील! सही करण्याआधी तिनं फाईल शेवटच्या पानापर्यंत उलटून बघितली.

बेल वाजली. साहेब म्हणाले, "यल्ला, गहवा." म्हणजे, चला, आणा.

मी आत गेले. तिचं पत्र तिच्यासमोर, त्यावर पेन, टोपण काढलेलं. शेजारी माझा कागद, माझ्या वाकड्या सहीचा. तिनं वर बघितलं नाही. फक्त फिंजान पुढं केलं. मी ओतलं. तिनं प्यायलं आणि पुन्हा पुढं केलं. मी ओतलं.

चौथ्याला शीबा खाकरली. पाचव्याला साहेबांनी घड्याळ बघितलं.

"करुणा, द लेटर..."

"सर, मी गहवा घेतेय," ती इंग्रजीत म्हणाली. इतक्या शांतपणे, की साहेबांनी घड्याळावर बाही ओढून घेतली.

सहावं. सातवं. मी तिच्याकडं बघून डोळे वटारले. अगं, हलव की, आणि कर सही! इथं जन्मलीस, तुला काय ठाऊक नाही होय!

नववं झालं. तिचा हात जराही थरथरला नाही. रिकामं फिंजान पुन्हा माझ्यापुढं आलं, सरळ, स्थिर.

किटली हलकी व्हायला लागली होती. मी ओतत राहिले.