इमरिसचा गळा

इमरिस गाण्याआधी स्वतःची फजिती करून घ्यायचा. नव्वदच्या दशकात दुबईतल्या एका हॉटेलात मी साउंड सांभाळत होतो, तेव्हाचा हा वेल्समधला धिप्पाड, टकलू कलाकार. स्टेजवर येताना हटकून अडखळायचा, माइकशी भांडायचा, लोक पोट धरून हसायचे आणि त्या हशातच तो गायला लागायचा. "आधी हसवायचं. हसणारा माणूस बेसावध असतो, तेवढ्यात गाणं आत सोडायचं," असं तो म्हणे. कोळशाच्या खाणींच्या गावात, चर्चमध्ये घडलेला गळा तो. काय गळा होता! मी समोरची बटणं विसरून ऐकत राहायचो.

मग त्या गळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गायची परवानगी दिली, पण इमरिसने असा धसका घेतला की वर्षभर नुसते विनोदच केले. लोक हसत होते, मॅनेजर खूश होता. हा मात्र शो संपला की कोपऱ्यात एकटा बसलेला.

दुबईतच, ऊद मेथा भागातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आम्हा मराठी मंडळींचा दिवाळीचा कार्यक्रम होता. मी त्याला म्हटलं, तिथे तुला कुणी ओळखत नाही, गाऊन तर बघ. आला बिचारा. पोरांना त्याचे विनोद कळले, मोठ्यांना त्याचा चेहरा बघूनच हसू फुटलं. हशा ओसरायच्या आत त्याने आपल्या वेल्श भाषेतलं गाणं सुरू केलं.

आवाज खाली उतरला होता, खरखरीत झाला होता, पण काळजाला असा भिडला की पहिल्या रांगेतल्या जोशीकाकू मान हलवत "च्च, च्च" करू लागल्या. मागूनही दोघातिघांनी केलं. इमरिस थांबला. त्याच्या मुलखात तो आवाज नापसंतीचा. "सॉरी. खलास," म्हणून त्याने माइक खाली ठेवला.

मी धावत स्टेजवर गेलो. आमच्याकडे गाणं आत कुठेतरी लागलं की असंच करतात, हे परोपरीने सांगितलं. मी समजूत घालतोय असंच त्याला वाटलं. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अहो, थांबलात का? वन्स मोअर."

सगळ्या हॉलने ते उचलून धरलं. इमरिसने पुन्हा पहिल्यापासून गायला घेतलं. वरच्या सुरावर आवाज चिरकला. त्याने तो लपवला नाही, तसाच पुढे नेला. इतकं धाडस मी दुसऱ्या कुणात पाहिलं नाही.

पुढे काही वर्षं तो हॉटेलात गात राहिला. टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. खाली उतरला की मला हळूच विचारायचा, "टाळ्या राहू देत. च्च कुणी केलं का?"

"मी केलं," असं मी सांगायचो. त्यासाठी एकदाही खोटं बोलावं लागलं नाही.