डॅमसेलचं पाणी

चार वर्षांपूर्वी आमच्या सिंदी मेघे गावातल्या घरात एक समुद्री मासा होता. डॅमसेल म्हणतात त्या जातीला. बोटाच्या दोन पेरांएवढा, शाईसारखा निळा, शेपूट पिवळं. मुलीनं हट्टानं नागपूरहून आणवलेला. दुकानातून मिळालेलं खास मीठ फिल्टरच्या पाण्यात कालवून ती त्याच्यासाठी टाकी भरायची.

मे महिन्यात ती आठ दिवस मावशीकडे हिंगणीला गेली. निघताना म्हणाली, "बाबा, पाणी आटलं तर साधंच पाणी टाकजा. मीठ नाई."

आमच्याकडचा उन्हाळा, टाकी रोज बोटभर उतरायची. समुद्रातल्या माशाला गोडं पाणी कसं मानवेल? पोरीला काय कळतं, असं म्हणत मी रोज मिठाचंच पाणी ओतत राहिलो. वाफ पाण्याची होते, मीठ मागे राहतं. हा धडा मी शाळेत दरवर्षी शिकवतो.

सातव्या दिवशी मासा तळाशी आडवा पडलेला दिसला.

मुलगी परतली. "काय झालं याले?"

"तुह्या आईनं फरशी पुसली," मी म्हणालो. "फिनाईल उडालं असन."

बायको तिथेच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. "असन बापा," म्हणाली आणि आत गेली. मुलगी तिच्याशी तीन दिवस बोलली नाही. तीन दिवस मी त्या दोघींच्या मध्ये बसून जेवलो.

आता मुलगी नागपूरला शिकते. मागच्या महिन्यात ती घरी आली, तेव्हा न राहवून मी तिला सगळं सांगितलं.

"मले तवाच माहीत होतं," ती म्हणाली. "पाण्यातलं मीठ मोजलं होतं ना म्या."

"मंग आईशी अबोला काऊन धरलता?"

"तुम्ही सांगसान म्हणून. पण तुम्ही तर चूपचाप जेवून राह्यले होते. शेवटी आईच म्हणाली, जाऊ दे, त्याइले लाज वाटून राह्यली."

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. बायको आंबाडीची भाजी निवडत होती. मी म्हणालो, "त्या पाण्यात मीठ मीच टाकलं होतं."

तिनं मान वर केली नाही.

"चार वर्ष लागले?" ती म्हणाली.

मी खाली बसलो. तिनं भाजीची जुडी माझ्याकडे सरकवली नाही, की 'उठा' असंही ती म्हणाली नाही.