किड्याला नाक नसतं

सायन्स शिकवणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. खडूच्या धुळीसारखे ते शर्टाला चिकटून घरी येतात. स्टाफरूममध्ये मी त्यातले हसवणारे तेवढेच सांगतो. आज बाकीचेही सांगून टाकतो.

आमची शाळा मोताळा तालुक्यात, चहूकडे कपाशी. पाचवीच्या वर्गात ‘कीटक’ शिकवायला घेतलं आणि विचारलं, “कीटक म्हणजे काय?”

मागच्या बाकावरून उत्तर आलं, “ज्याले फवारतात तो!”

वर्ग हसला. मीही हसलो.

फळ्यावर लिहिलं, कीटकाला पाय सहा. दुसऱ्या दिवशी गणेश काडेपेटीत नाकतोडा घेऊन हजर. पाय पाच!

“सर, हा कीटक होय का नाही?”

“अरे, एक तुटला असेल.”

“हाव. माह्या आबाचाबी एक तुटला. पन ते मानूसच हायेत.”

बस म्हटलं खाली.

मग होमवर्क दिला, मेलेला एखादा कीटक सापडला तर आणा. शाहीननं बरणीभर मधमाश्या आणल्या! ही पोरगी अबोल. तिचे अब्बा लोकांच्या वावरात मजुरीनं फवारणी करतात.

“एवढ्या कशा पकडल्या गं?”

“पकडल्या नाही सर. वावरात पडेल होत्या. कापसावानी वेचल्या.”

त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी डबा उघडलाच नाही.

एकदा वर्गात बरणीत अळी पाळली. कोष होईल, फुलपाखरू निघेल, पोरं रोज डोकावायची. पाला आणायचं काम शाहीनकडे. तिसऱ्या दिवशी अळी मेली. शाहीन रडायलाच लागली, “मी तं रोज ताजा पाला देल्ला सर!”

ताजाच होता. सकाळीच अब्बांनी फवारलेल्या वावरातला.

त्याच आठवड्यात कीटकाचा श्वास शिकवला. कीटकाला नाक नसतं, अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रं असतात, हवा तिथून आत जाते. शाहीननं हात वर केला.

“मंग औषधबी तिथूनच जाते का सर?”

“शाब्बास! जातं.”

“अन् मानसाच्या पाठीतून?”

घंटा व्हायला आली होती. फळा पुसता पुसता म्हणालो, “नाही गं, माणसाला नाक असतं ना!” वर्ग हसला. मला माझंच उत्तर आवडलं होतं.

त्यानंतर शाहीन आठवडाभर आली नाही. आली ती अब्बांचा हात धरून. माणूस निम्मा झाला होता. दोन पायऱ्या चढून टेकला.

“पाठीवरचा फवारनीचा पंप गळते सर, म्हनून मी आतून प्लास्टिकची गोनी बांधत असतो. पन उकाडा लय. ही म्हने, अब्बा, काढून ठेवा, सर म्हनतात मानसाच्या पाठीतून औषध जात नाही. काढली. वावरातच उलट्या सुरू झाल्या, तिथून सिध्धा बुलढान्याले दवाखान्यात!”



अब्बा कसंनुसं हसले. “पन मी हिले म्हनलं, सर असं सांगनारच नाहीत. तूच काईतरी उलटं समजली. लहान हाये सर, रागावू नका तिले.”

खरं सांगायला मी तोंड उघडलं. लाज म्हणा, भीती म्हणा, शब्द फुटला नाही.

शाहीननं माझ्याकडे पाहिलं. मग अब्बांकडे.

“हाव अब्बा,” ती म्हणाली, “मीच चुकली.”